ओट्यावरची माणसं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं धड काम म्हणजे तूर भरडली.

घरचीच तूर. भिजवून, लाल माती लावून, पत्र्यावर वाळवलेली. तालुक्याला, लोह्याच्या गिरणीत टाकली असती तर दुपारपर्यंत डाळ होऊन आली असती. सून तेच म्हणत होती. पण बायकोला गिरणीची डाळ पटायची नाही. "ती शिजत न्हाई, नुस्ती फुगती," म्हणायची. तिचे गुडघे गेलेले, खांदा धरलेला, एकटीच्यानं जातं ओढत नव्हतं. म्हणून शिमग्याच्या अगोदर मी तिच्यासमोर फतकल मारून बसलो आणि एका खुंट्याला दोघांनी हात लावला. ती दुसऱ्या हातानं घास टाकायची, मी ओढायचो.

आमच्याकडं बाप्या माणूस जात्याला बसत नाही. शेजारची म्हातारी कुडावरून डोकावली आणि म्हणाली, "काय गं, म्हातारपनी गडी ठिवलास का?"

"ठिवला की," बायको म्हणाली. "पन खातो लई आन् वढतो कमी."

"तोंड कमी चालव आन् घास नीट टाक," मी म्हटलं.

"तुमी नीट फिरवा. जातं हाय ते, पान्याच्या मोटरीचं चाक न्हाई. जरा सबुरीनं."

ऊन चढलं. मी तांब्याभर पाणी प्यालो आणि तांब्या तिच्याकडं सरकवला. तिनं हातानं मागं लोटला. "मागून पिते," म्हणाली. हे तिचं कायमचं होतं. पाणी दिलं की मागून पिते. मी कधी विचारलं नाही, मागून म्हणजे कधी.

अर्धी पाटी तूर राहिली. दिवस कलला होता. तिनं झालेली डाळ सुपात पाखडली, चुनी म्हशीला घातली आणि पाटीवर पोतं झाकत म्हणाली, "ऱ्हायलेली उद्या करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलखंडाजवळ बसली होती. आता चूल नाही, गॅस आहे, पण जागा तीच. तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली, पाणी लावलं, आणि बघत बसली. गॅस पेटवलेलाच नव्हता. सून म्हणाली, "आत्याबाई, खाली जाळ न्हाई की." बायकोनं तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तू कोनाची गं?"

आम्ही हसलो. खरं सांगतो, सगळे हसलो. तिला चेष्टेची सवय होती. सून तर म्हणाली, "मी तुमच्या सवतीची." पण बायको हसली नाही. ती उठली, ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं, ते कसंतरी गुंडाळलं, आणि दारात जाऊन बसली.

"मला चाकूरला जायचंय," म्हणाली. "भाऊ न्यायला यायलाय."

चाकूरकडचं तिचं माहेर. भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्या घरात आता तिला ओळखणारं कुणी नाही.

दुपारपर्यंत गल्लीत झालं की म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी अंगारा आणला. कुणी म्हणालं, म्हातारचळ हाय, माझ्या सासूला असंच झालतं, तिनं मग पाच वर्सं काढली. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, वय झालंय. आता हे असंच चालायचं. आपन सांभाळायचं, दुसरं काय."

माझं डोकं तापलं. "काल तिनं डाळ पाखडली," मी म्हटलं. "एक खडा ऱ्हायला न्हाई. मला बोलली, शेजारनीला बोलली. मानूस एका रातीत म्हातारं होतंय का रे?"

"डाक्टर सांगतेत ना आबा, तसं."

"कोन्ता डाक्टर? दाखव मला."

मग लोह्याला नेली. तिथल्या डॉक्टरानं नाडी बघितली, ताप बघितला. ताप नव्हता. वयाचं आहे म्हणाला, झोपेची गोळी दिली. गोळीनं ती झोपली, आणि उठली ती आणखी लांब गेलेली. मला बघून पदर पुढं ओढला, परक्या माणसापुढं ओढतात तसा. लग्न होऊन आली तेव्हा ओढायची तसा.

मला कशाचं एवढं लागलं नाही जेवढं त्या पदराचं लागलं. म्हातारी होऊ दे, जाग्यावर पडू दे, मी करीन सगळं. पण मला ओळख. माझं एवढंच मागणं होतं.

लेक लातूरला दिलेली. तिला फोन केला तर ती फोनवरच ओरडली. "आबा, झोपवताय काय तिला? नांदेडला न्या मोठ्या दवाखान्यात. मी निघते." मुलगा भावकीतल्या एकाची जीप बघायला गेला. मी बायकोच्या वहाणा घेऊन दारात गेलो, आणि वाकून तिच्या पायाजवळ ठेवल्या.

ती एकदम हसली. तोंड उजळलं तिचं.

"आलास का रं भाऊ? किती वाट बघावं मानसानं!"

आमच्याकडं माहेराहून बाईला न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. भाऊ नाहीतर चुलत भाऊ. तिनं मला मुराळी केलं. मी काय बोलणार? "आलो," म्हटलं. "चल." ती मुकाट उठली. तिला जीपमध्ये घालायला तीन माणसं लागतील असं मुलाला वाटत होतं. ती माझा हात धरून चढली.

जीप नांदेडच्या रस्त्याला लागली. मुलगा पुढं बसलेला, सून मागच्या बाकावर, मी आणि ती मधी. ती बाहेर बघत म्हणाली, "चाकूरची वाट हिकडून कवापासून झाली?"

"नवी झालीय," मी म्हटलं.

"घरात विचारलंस का?"

"कुनाला?"

"आता कुनाला! ह्यास्नी. विचारल्याबिगर मी येनार न्हाई बग. तापट हायेत."

मी म्हटलं, "मारतेत का?"

"न्हाई रं!" ती माझ्यावर चिडली. "तोंडानं तापट. मनानं न्हाई. काल माझ्याबरोबर जात्याला बसले. गल्ली हसली तरी उठले न्हाईत."

मुलानं आरशात माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. मी बाटली उघडली. तिचे ओठ वाळून पांढरे झाले होते. जीभ बोलताना टाळूला चिकटत होती.

"पानी पी."

"नगं."

"घोटभर."

"नगं म्हनते ना भाऊ. ओट्यावर मानसं बसलेत. उठली की पिते."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "कोन मानसं?"

"ह्यांचीच की. सकाळी येतेत, दुपारी भाकर खायला जातेत, परत येतेत. दिस बुडूस्तोर उठतच न्हाईत मेले. आन् आमचं ते दार त्येंच्या तोंडासमोर." मग ती माझ्या कानाशी आली, लहान पोरीला शिकवावं तशी बोलली. "म्हून पानीच पिऊ नये. सकाळी अंधारात जाऊन यावं, दिवे लागल्यावर जाऊन यावं. मधी प्यालं न्हाई की मधी लागत न्हाई. सुनंला पन शिकवलंय मी. आता आग व्हायलीय लई, पन हुईल बरी."

भावालासुद्धा बाई असं सांगत नाही. डोकं ठिकाणावर असतं तर तिनं जीभ चावली असती.

"मग त्यास्नी सांगायचं," मी म्हटलं. "नवऱ्याला."

"येडा हायेस का? काय सांगू? आन् मानसं दारात येऊन बसतेत ते त्येंचं सुख हाय. तू बोलू नगंस. माझी आन हाय तुला."

मागं सून रडायला लागली होती. मी बाटलीचं टोपण लावलं.

ज्याला कळलं नसेल त्याला सांगतो. आमच्या घरामागं सगळा खडक आहे. गावात संडास बांधायचं निघालं तेव्हा मागं खड्डा लागेना, म्हणून पुढं, अंगणाच्या कडेला बांधला. त्याला पत्र्याचं दार. समोर लिंबाची सावली, सावलीत ओटा. ओट्यावर मी आणि माझ्या वयाचे तीन-चार जण. शेती पोराकडं दिलेली, दुसरा उद्योग काय? तंबाखू, पेपर, पावसाच्या गोष्टी, सोयाबीनचा भाव. मधी कुणाला लागलं तर उठून पाच पावलांवर जाऊन यायचं. दार वाजायचं, कुणीतरी हसायचं, तो परत येऊन बसायचा. दिवसा घरातली बाई तिकडं जाताना मला कधी दिसली नाही. दिसली नाही म्हणून नवलही वाटलं नाही.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीण होती, वयानं माझ्या नातीएवढी. तिनं आधी मुलाला विचारलं, कधीपासून असं आहे. मुलगा म्हणाला, वयामुळं, हळूहळू. मी मधी पडलो. "हळूहळू न्हाई, बाई. आदल्या दिशी दिस कलेपर्यंत शानी व्हती. सकाळी उठली ती अशी."

"नक्की?"

"मी समोर बसलो व्हतो तिच्या. एका जात्याला."

तिनं मुलाकडं बघितलं नाही, बायकोकडं बघितलं. पोट दाबलं, कमरेच्या वर पाठीला बोटं लावली, बायको कळवळली. मग विचारलं, "लघवी किती होते? जळजळ? वास येतो का?"

आम्ही तिघं उभे. मला माहीत नाही. मुलाला माहीत नाही. सुनेला माहीत होतं, ते तिच्या मानेवरूनच दिसत होतं, पण सासरा समोर उभा. ती मला मामा म्हणते, माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. तिनं जमिनीकडं बघितलं. डॉक्टरीण परत विचारायला लागली तसा मी मुलाचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन बाहेर आलो. दार ओढून घेतलं. मग आत सुनेचा आवाज सुरू झाला. लवकर थांबला नाही.

डॉक्टरीण बाहेर आली ती मला म्हणाली, "बाबा, हे वेड नाही. लघवीत इन्फेक्शन झालंय. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी तापसुद्धा येत नाही, एकदम डोकंच भरकटतं. इन्फेक्शन उतरलं की पुष्कळ जण पहिल्यासारखे होतात."

"वळखंल मला?"

"ओळखतील. पण पाणी फार कमी पडलंय शरीरात. आणि उशीर झालाय. रक्तात गेलंय का ते बघते."

मी उशिराचं ऐकलंच नाही. ओळखतील एवढं ऐकलं. लेक लातूरहून उतरली तर तिला दवाखान्याच्या पायरीवरच सांगितलं, "तुझी माय खुळी न्हाई. लघवीचं हाय. उतरतंय." ती माझ्याकडं बघतच राहिली, कारण असला शब्द मी तिच्यासमोर जन्मात उच्चारला नव्हता.

सलाईन लावलं, लघवीची नळी लावली. बायको डोळे मिटून पडली, पण उजवा हात राहीना. उचलायचा, गोल फिरायचा, खाली पडायचा, परत उचलायचा. सिस्टर आली, म्हणाली सुई काढून टाकतील आजी, आणि पट्टीनं हात कॉटला बांधला. हात बांधलेला तरी मनगट फिरतच होतं.

"सोडा तिला," मी म्हटलं. "सुईला न्हाई हात लावत ती. जातं वढायलीय."

"बाबा, सुई निघाली तर मलाच बोलणी बसतील."

"मी धरतो. निघाली तर मला बोला."

तिनं जरा विचार केला आणि पट्टी सोडली. मी स्टूल ओढून समोर बसलो आणि तिची मूठ माझ्या मुठीत घेतली, खुंटा असतो तशी. आणि फिरवली. सबुरीनं. मी ओढायचो, ती ढकलायची. डाव्या हातानं ती गादीवर घास टाकत होती. लेक पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती, ती तोंडात पदर कोंबून बाहेर गेली.

असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. खांदा भरून आला पण हात सोडला नाही. मग तिचा हात आपोआप थांबला आणि ती झोपली. गोळी न देता झोपली.

ती उठली तेव्हा खिडकीत ऊन आलेलं. माझ्याकडं बघितलं. पदर ओढला नाही.

"आवं," म्हणाली, "दाढी कामून वाढवली? कोन मेलं?"

मी दाढीवरून हात फिरवला. "कोनी न्हाई," म्हटलं. "तूच छळलंस."

"ऱ्हायलेली तूर झाकून ठिवलीय का उघडी टाकून आलात? किडं पडतील."

"झाकलीय."

"पोतं टाकलं का वर?"

"टाकलं गं बाई."

लेकीनं चमच्यानं पाणी पाजलं. ती प्याली. दुसरा चमचा प्याली. मग लेकीच्या हातातला पेलाच धरला आणि गटागटा प्याली, लहान लेकरासारखं हनुवटीवरून सांडत. एवढं पाणी पिताना मी तिला दिवसा कधी बघितलं नव्हतं. पिऊन झाल्यावर तिनं खोलीत इकडंतिकडं बघितलं आणि लेकीला हळूच विचारलं, "हितं कुठंशी हाय गं?"

"उठायचं काम न्हाई माय. नळी हाय."

"म्हंजे कुनाच्या समोरून जायाला नगं?"

"नगं."

"बरं सुख हाय की," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

मला तिला सांगायचं होतं की मला कळलंय. जीपमध्ये तू मला सांगितलंस. पण तिनं तिच्या भावाला सांगितलं होतं, मला नाही, आणि आण घातली होती. मी म्हटलं, घरी नेऊ, मग बघू. बोलायचंच कशाला, करूनच दाखवू. ती अंगणात आली की ओटा मोकळा दिसेल. ती विचारील, "आज मानसं न्हाई आली का?" मी म्हणेन, "न्हाई, मीच येऊ नका म्हनलं." असं सगळं मी मनात बोलून ठेवलं होतं.

संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. आजवर न आलेला ताप एकदम आला. श्वास वर लागला. डॉक्टरीण धावत आली, मग आणखी दोन डॉक्टर आले, आम्हाला बाहेर काढलं. डॉक्टरीण मला काय काय सांगत होती, रक्तात उतरलंय, किडनी काम करत नाही, आम्ही करतोय. ती पोरगी खरंच करत होती, तिच्या कपाळाला घाम होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर आली आणि तिनं माझा हात धरला.

चाकूरची माणसं थेट मसणवटीच्या वाटेवरच पोचली. तिच्या भावाचा नातू आला होता. त्यानं तिला कधी बघितलं नव्हतं. त्याला मी म्हटलं, "तू खांदा दे. तिला न्यायला कुनीतरी येनार व्हतं चाकूरहून." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. जात्याजवळ पाटी तशीच होती, पोतं झाकलेली. घरात बायका भरलेल्या. लेक, सून, भावकीतल्या, चाकूरच्या, शेजारच्या. मयताच्या घरी बसायला माणसं येतात ती आमच्याकडं लवकर येतात. ऊन अंगणात यायच्या आत ती आली. बायका सरळ आत गेल्या. गडीमाणसं ओट्यावर बसली. माझे जोडीदार तर त्यांच्या नेहमीच्या जागी. कुणीतरी तंबाखू मळायला घेतली. कुणी म्हणालं, लई चांगली बाई होती, कधी आवाज चढला न्हाई.

घराचं दार थोडं उघडं होतं. सून आतून आली. पदराखाली टमरेल धरलेलं. तिनं उंबऱ्यावरून ओट्याकडं बघितलं, आणि पाय मागं घेतला. तिच्या मागं माझी लेक उभी होती. तिनंही बघितलं, आणि दोघी आत वळल्या.

मी उठलो. ओट्याजवळ गेलो.

"उठा," म्हटलं.

कुणाला काही कळलं नाही. एक जण सरकून म्हणाला, "ये, बस हितं."

"बसायचं न्हाई. उठा सगळे. मागं गोठ्याजवळ बसा."

"आरं, गोठ्याजवळ? शेनात?"

"शेनात. आजपासून हितं कुनी बसायचं न्हाई."

ते एकमेकांकडं बघायला लागले. माझा एक जोडीदार, लहानपणापासूनचा, दुसऱ्याच्या कानात पुटपुटला, पण मला ऐकू आलं. "धसका घेतला म्हाताऱ्यानं. डोकं फिरलंय." मग मोठ्यानं, लेकराला समजवावं तसा म्हणाला, "चल, तू म्हनतोस तर बसू मागं. तू शांत ऱ्हा."

"माझं डोकं फिरलेलं न्हाई," मी म्हटलं. "उठ."

मुलगा धावत आला. त्यानं माझं तोंड बघितलं, मग त्या पत्र्याच्या दाराकडं बघितलं. जीपमध्ये तो पुढंच बसला होता. त्यानं ओसरीवरची सतरंजी उचलली, झटकली आणि गोठ्याकडं चालायला लागला. मग बाकीची माणसं उठली. कुणी रागानं, कुणी मला सांभाळून घ्यायचं म्हणून.

कुंपणाला लावायला बाभळीच्या फांद्या तोडून ठेवल्या होत्या. मी एक ओढत आणली आणि ओट्यावर टाकली. मग दुसरी. काटे हाताला लागले. ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकेपर्यंत मी आणत राहिलो. आता तिथं कुत्रंसुद्धा बसलं नसतं.

मग मी घराच्या दारात गेलो, आत बघितलं नाही, नुसतं खाकरलो आणि म्हटलं, "अंगनात कुनी न्हाई."

आणि गोठ्याजवळ जाऊन माणसांत बसलो, अंगणाकडं पाठ करून. थोड्या वेळानं पत्र्याचं दार वाजलं. मग परत वाजलं. मग परत. माणसं बोलत होती, मी ऐकत होतो ते दार. मी वळून बघितलं नाही.